कळकलेलं

तांबट लेनमध्ये वाढलेल्याला
ठोक्यांचं काय कौतुक.
पण रात्री तीनला,
आळी निजलेली, ऐरणीवर गोणपाट,
आणि पोटातला हातोडा चालूच.
अकरा वेळा उठलो. त्यातल्या चारदा रक्त.
शैलाला सांगितलं, तीन वेळा.

गंगापूर रोडला डॉक्टर निकुंभबाई
पडद्यावर माझं आतडं दाखवतात:
लाल, ओलं, जागोजाग खरवडलेलं.
म्हणतात, जंतू काही शत्रू नव्हेत, निजामपूरकर,
जन्मापासून तिथंच नांदतात.
त्यातले काही माजलेत, विष सोडतायत.
अस्तर झिजलंय, तिथून ते आत उतरतं,
शरीर चवताळतं
आणि स्वतःच्याच घराला आग लावतं.

मी म्हटलं, म्हणजे कल्हई गेली.

त्यांनी पेन खाली ठेवलं.
मग मीच सांगत बसलो, बाहेर नंबर खोळंबलेले:
कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात
ताक ठेवलं की कळकतं.
हिरवट. जिभेवर धरवत नाही.
दोष ताकाचा नसतो.
पितळेचाही नसतो, खरं तर.
दोघांच्या मधली, नखाहून पातळ
ती पांढरी चकाकी तेवढी नसते.

"तसंच," म्हणाल्या. "जवळजवळ."

त्या जवळजवळवर
त्र्यंबक नाक्याचे दोन सिग्नल गेले.

चौदा दिवस गोळ्या, माजलेल्यांसाठी.
आणि पाण्यात ढवळायची एक बेचव भुकटी.
ती कुणाला मारत नाही म्हणे,
विष तेवढं धरून बाहेर नेते,
तापल्या भांड्यात नवसागर
मळाला घेऊन धुरात जातो, तशी.
मिसळ बंद.
हे ऐकून आमचा कारागीर ओंकार
माझ्याहून रडवेला.

मी विचारलं होतं,
एकदाच सगळे मारून का टाकत नाही?
तर बाई हसल्या.
"तुमचे कल्हईवालेही त्यांच्यातच आहेत.
मग अस्तर कोण लावणार?"

हे मात्र मला ठाऊक नव्हतं.
साठीला आलो, आणि पोटात
माझ्याच धंद्याची माणसं,
अंधारात, बिनमजुरीची,
मी वर बसून त्यांना तिखट पाठवतोय.

दीड महिन्यानं रिपोर्ट.
नऊशेचा आकडा तीनशे दहावर.
उतरलाय, गेला नाही.
दुपारी एक जुनं घंगाळ आलं,
गिऱ्हाईक म्हणालं, आतून काही लावू नका,
शोभेला ठेवायचंय.
उगाच राग आला मला.

काल रात्री पुन्हा उठलो.
परत येऊन पडलो, तर शैला जागी.
"किती वेळा?"
दोन.
"म्हणजे पाच."
दोन, शैला. खरंच दोन.