उलट पावली

मॅरिबिनाँगच्या या काठाला
पत्ता विचारावा लागत नसे, नाक पुरे.
आधी हाडं उकळायचा कारखाना, त्याला चिकटून चरबीचा,
मग कातडी कमावणारे.
पलीकडच्या काठाचे लोक ट्राममध्ये
आमच्या बायकांशेजारी बसत नसत.
बायकाही खमक्या,
दोन दोन जागा अडवून ऐसपैस बसायच्या.

डेलिया हॅनराहन सांगायची,
धुणं घालायचं ते वारा बघून,
नाहीतर लग्नाच्या रात्रीसुद्धा
उशाशी मेंढरं.

तिचा सासरा दोरखंडाच्या कारखान्यात होता.
पाव मैल लांब पत्र्याची शेड.
कमरेला वाख गुंडाळून
तो दोर वळत उलटा चालायचा,
सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत.
एकेचाळीस वर्षं.
कुणीतरी हिशेब मांडला होता:
पृथ्वीला दोन फेऱ्या, पाठमोऱ्या.
पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला कधी दिसलं नाही,
मागे सुटलेलं मात्र तंतोतंत.
त्याच्या दोरांनी बंदरोबंदरी जहाजं बांधली;
त्याने समुद्र एकदाच पाहिला, कामगारांच्या सहलीत,
आणि त्याच्याकडे पाठ करून पाव खाल्ला.

मग युद्ध. पोरींचे हात पिवळे झाले
ते बारूद भरून भरून.
लग्नं मग राहिलीच काहींची.

मग माल्टाहून माणसं आली, मग सायगावहून,
आणि प्रत्येकाने पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावला,
महिन्याभराने खिशात ठेवला.

हाडांचा कारखाना बंद पडला त्या रात्री
म्हातारी डेलिया तीनदा उठली.
खिडकी उघडून हुंगत राहिली.
कोण गेलं, म्हणाली.

आता नदीत वाम परतलेत.
काठावर पितळी फलक आहे, त्यावर कारखान्याचं साल.
त्याच्याही आधी इथे वाम धरणारे लोक होते;
त्यांच्यापुरती जागा पितळेत उरली नसावी.

शेडचे फ्लॅट झालेत.
लांबच लांब बोळ तेवढा तसाच.
चौदा नंबरची डिएम क्वाच
(तिची आई इथेच कोंबड्या सोलायची)
रविवारी दुपारी दार उघडते,
वाकते, दोन्ही हात पुढे करते
आणि उलटी चालू लागते,
एक पाऊल, अजून एक,
समोर अकरा महिन्यांचं पोर,
तोल सावरत,
तिच्या बोटांकडे बघत.