फॉर्मवर जागा कमी होती

पुरस्कारांचे अर्ज कॉलेजात मीच टाइप करते,
एकोणतीस वर्षं झाली.
तीन रकाने : मैदान, अभ्यास, समाजसेवा.
प्रत्येकी पाच ओळी. सहावी घातली तर मशीन गिळून टाकतं.

या वर्षी नाव आलं एमेट हाव्लिचेकचं.
डावा गार्ड. बासष्ट नंबर.

मैदान.
इथेच अडले.
चार मोसमांत चेंडूला त्याचा हात लागला एकदाच,
तोही चिखलात, दुसऱ्याच्या हातून निसटलेला.
पोटाशी धरून नुसता पडून राहिला,
मांजराचं पिल्लू सापडल्यासारखा.
टचडाउन शून्य. यार्ड शून्य.
कोच म्हणतात, फिल्म मागे नेऊन बघा,
जिथे जिथे आपला पोरगा मोकळा पळतोय
तिथे मागे कुठेतरी कुणीतरी उताणा असतो
आणि त्याच्यावर बासष्ट नंबर.
मी लिहिलं : 'वाट करून दिली.'
मग खोडलं. लिंकनच्या समितीला आकडे लागतात.

अभ्यास.
रसायनशास्त्रात पहिल्या खेपेला नापास.
हे नका लिहू, डीन म्हणाले.
दुसरी खेप त्याने बसच्या शेवटच्या बाकावर काढली,
घोट्याला बर्फ, कपाळाला टॉर्च.
ड्रायव्हर रॉस्को सांगतो, तीनशे मैल अंधार
आणि आरशात तेवढा एक काजवा.
आता ३.९१. हा आकडा बसला चपखल.
प्रबंध : प्लॅटकाठच्या विहिरींतलं नायट्रेट.
हाच विषय का, विचारलं तर म्हणाला,
आई आम्हाला नळाचं पाणी पिऊ द्यायची नाही.
एवढंच.

समाजसेवा.
दोनशे बारा तास, सहीशिक्क्यानिशी.
एकशे चाळीस घरांतून पाण्याच्या बाटल्या आणल्या.
काहींनी कॉफी दिली, काहींनी कुत्रं सोडलं,
विहीर वाईट निघाली की जमिनीचा भाव पडतो ना.
पँटीचा फाटका पाय घेऊन पुढच्या दारावर टकटक.

मंगळवार मात्र त्याने लिहिलेच नाहीत.
ते मला कळले, माझी मावशी तिथे आहे म्हणून,
सीडर स्ट्रीटच्या वृद्धाश्रमात.
तिथे ऑर्विल स्ट्रँड असतात, त्याच्या शाळेचे कोच.
दुपारी जेवलो का, हे त्यांना सांगता येत नाही.
पण हा दारात दिसला की पाठ ताठ होते,
"खाली! कंबर खाली!"
आणि एकशे तीस किलोचा तो पोरगा
औषधांच्या ट्रॉलीशेजारी, नुकत्या पुसलेल्या फरशीवर
वाकतो : दोन पाय, एक हात, मान वर.
कोच सपाता फरफटत त्याच्याभोवती फिरतात,
काठीने टाच बोटभर मागे सारतात.
"अजून. हं. आता हलायचं नाही."
तो हलत नाही,
कोच खिशात शिट्टी शोधत असतात तोवर.
शिट्टी मुलीने केव्हाच घरी नेली आहे.
एकदा वीस मिनिटं, मावशी म्हणाली,
नर्स त्याला वळसा घालून जात होत्या.

फोन केला त्याला. हे तास घालू का?
"कशाला, मिस वर्ना," म्हणाला,
"तो तर सराव."

शेवटच्या रकान्यात एक ओळ उरली आहे.
दोनदा टाइप केली, दोनदा पुसली.
उद्या पाचच्या आत पाठवायचाय अर्ज,
आणि आज मंगळवार आहे.