डावीकडचा स्पीकर

सेलूला टेकाळ्यांच्या नव्या घरी
चार खोकी घेऊन गेलो, दुपारी तीनला,
ठिबकच्या नळ्यांच्या बंडलांतून वाट काढत.
हॉलभर थर्माकोलचा चुरा झाला.
टेकाळे म्हणाले, आवाज असा पायजे
की चौकातल्या माणसानं वळून बघावं.

रिसीव्हर पाठमोरा केला की खरा दिसतो.
पुढून एक गोल बटण, साळसूद.
मागं नुसती भोकंच भोकं,
प्रत्येकाखाली मुंगीएवढं नाव.
आत येणारं वेगळं, बाहेर जाणारं वेगळं :
एवढ्या एका वाक्यात माझी वीस वर्षं गेली.
सेटटॉप बॉक्स आत. डीव्हीडी आत.
टीव्हीकडं जाणारी बाहेर.
जुन्या टेपडेकला लाल-पांढरी जोडी;
तिच्यातली पिवळी लोंबत राहिली,
तिला आता कोणी विचारत नाही.
ऑप्टिकलची टोपी काढली, एक टोक टीव्हीत खोचलं,
दुसऱ्या टोकाला लाल ठिणगी.
टेकाळ्यांचा नातू म्हणाला, चावंल का?

मग स्पीकरच्या तारा.
दातांनी सोलायच्या नाहीत, हे मी पोरांना शिकवतो
आणि दातांनीच सोलतो.
दोन्ही तांब्याच्याच,
एकीच्या अंगावर बारीक काळी रेघ.
तेवढीच ओळख.

दिवेलागणीला पहिली डीव्हीडी लावली,
थोरल्याच्या लग्नाची, सहा वर्षांपूर्वीची, परतूरची.
रामेश्वर डावीकडून उडत आला,
सुवर्णमाला उजवीकडून,
चमकीची अक्षरं बदामात जाऊन थांबली.
सनई लागली, खिडकीची काच थरथरली.
टेकाळ्यांनी मांडीवर थाप मारली.
थोरला म्हणाला, बास, पैसे वसूल.
मी पावती फाडायला घेतली.

तेवढ्यात आतल्या दारातून, हाताला कणीक तशीच,
"भटजी मधी नाहीत."

काय?

"भटजी मधी उभेत, आन् आवाज
दोन्ही भिंतींत पांगलाय. ढोलाला पोट नाही.
डावीकडचं उलटं जोडलंय तुम्ही."

टेकाळे म्हणाले, हिला काय
आणि पुढं काही म्हणाले नाहीत.
सगळे पडद्याकडं बघत होते.
पडद्यावर तीच होती, मुंडावळ्यांच्या आड,
मान खाली, अंतरपाटाच्या पलीकडं.

मी स्पीकर पुढं ओढला, मागं टॉर्च धरला.
काळी रेघ लाल भोकात.
एक पुढं ढकलत होता तेव्हा
दुसरा मागं ओढत होता,
दोघंही आपापल्या जागी धडधाकट,
आणि मधली जागा रिकामी.

तार बदलली. भटजी अंतरपाटाशी आले.
ढोल छातीत लागला.

"लातूरला, तंत्रनिकेतनात, दोन वर्षं," ती म्हणाली.
"तिसरं ह्याच्यात गेलं."
आणि कणकेच्या हातानं पडदा दाखवला.

मॅन्युअल एरवी खोक्यातच राहतं.
निघताना तिच्या हातात दिलं.
म्हटलं, वर विणलेला रुमाल टाकू नका,
तापतं ते, हवा लागते.
"माहितंय," ती म्हणाली.

चार वर्षं झाली. त्या घरून एक फोन नाही.
आमच्या धंद्यात याला गिऱ्हाईक तुटलं म्हणतात.
परवा आठवडी बाजारात नातू दिसला,
सायकलवरून उतरून सांगत होता :
मागच्या प्रत्येक वायरीला चिकटपट्टी आहे,
आईच्या अक्षरात.
डावा. उजवा. आत. बाहेर.
पिवळीलाही आहे एक.
तिच्यावर काय लिहिलंय
ते त्याला आठवेना.