टॉलरन्समध्ये

सातपूरला सेकंड शिफ्टचा चहा साडेसहाला येतो.
तोवर पेपर सगळ्यांचा वाचून झालेला,
बातम्यांवर ग्रीसचे अंगठे, कांद्याच्या भावावर वड्याचं तेल.
फक्त शब्दकोडं कोरं.
चहाआधी त्याला कुणी हात लावायचा नाही.

अहेर लोखंडावर खुणा करायची पेन्सिल आणतो,
अत्तार मोठ्यानं वाचतो, 'पाच आडवा. काठ. तीन अक्षरं.'
'किनारा,' म्हणाला बागूल, तोंडात बिस्कीट,
आणि नेमका वरून वकील उतरला
दीर्घ वेलांटी घेऊन.
घर एक, वेलांट्या दोन.
इथे दहा मायक्रॉनसाठी अख्खा लॉट परत येतो.
पलीकडे गेज पुसत उभे गायधनी, क्वालिटीचे,
आमच्या घोळक्याकडे कधी न बघणारे,
तेव्हाही न बघताच म्हणाले,
'असू द्या. टॉलरन्समध्ये आहे.'

त्या दिवसापासून त्यांचा कप आमच्यात.

मला सगळ्यात आवडतं ते हे:
'नदी, चार अक्षरं' म्हटलं की
सगळ्यांच्या तोंडात एकदम गोदावरी,
आणि दुसऱ्या घरात आधीच 'ग' बसलेला.
मग आपली नदी सोडून
तुंगभद्रेपर्यंत चालत जायचं
चहा निवायच्या आत.

परवा आलं, 'कामाचा मोबदला, तीन अक्षरं.'
सगळे माझ्याकडे बघून हसले.
माझं आडनाव पगार.
मीच लिहिलं, दाबून, जरा ऐटीत,
आणि खालचा सगळा कोपरा नासला.
'गा'वरून एक शब्द खाली उतरेना.
हजेरीपत्रक, रेशनकार्ड, सोसायटीची पाटी,
आजवर कुठेच न चुकलेलं ते आडनाव
गायधनींनी खोडरबरानं हलकेच पुसलं.
'वेतन,' म्हणाले. 'रिवर्क.'

उरलं एकच टोक.
नऊ आडवा, 'तर्रीवाचून जिचं पान हलत नाही.'
हे नाशिककराला विचारतात?
पण मिसळीचा ळ उभ्या शब्दाच्याही शेवटी,
आणि तिथे, 'दोन हात जवळ आले की होते. तीन अक्षरं.'
टाळी. दोनच.
पसा. तोही दोन, आणि ळ कुठाय?
नमस्कार. 'चार,' म्हणाला अत्तार,
'शिवाय तो होतो. होते नाही.'
ळ मुळात अडेल.
शब्दाच्या दारात कधी उभा राहायचा नाही,
मधे घुसेल, नाहीतर शेवटी येऊन
पाय पसरून बसेल.
भोंगा झाला. पेपर घडी करून टूलबॉक्समध्ये.

रात्री बारा वीस.
हात धुवायचा नळ, साबणाचा चुरा, नखांतलं काळं,
डिसेंबरचं पाणी,
गंगापूर धरणातून थेट उचलून आणल्यासारखं.
तोंडावर मारायला दोन्ही हात पुढे केले
आणि त्यात पाणी साचलं.

बघतच राहिलो.
मागून कुणीतरी, 'ओ पगार, सरका की.'

मखमलाबादपर्यंत धीर धरवेना.
त्र्यंबक रोडला, बंद टपरीपाशी गाडी लावली,
दातांनी हातमोजा ओढला,
अत्तारला फोन.
'ओंजळ.'
पलीकडे ताट सरकल्याचा आवाज,
मग तोंडात घास असतानाच,
'ळ जुळला?'
'जुळला.'