ढकलकाठी

मुहर्रकला आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे.
आधीचा भाडेकरू तिथे कबुतरं पाळायचा.
पंखा लावला की अजून एखादं पीस उठतं.
मोरेश्वरनं तिथे टेबल सॉ ठेवला,
सव्वाशे दिनारला घेतलेला,
रोमेल कायमचा सेबूला निघाला तेव्हा.

सोबत एक काठी दिली त्यानं, फुकट.
प्लायची, टोकाला चोचीसारखी खाच.
तिला नऊ चावे होते.
रोमेलनं दोन्ही पंजे उघडून दाखवले आणि हसला.
मोरेश्वरही हसला.
मी चावे पुन्हा मोजले.

मी हातांच्या वॉर्डात असते.
रात्रपाळीला हात येतात,
माणसं त्यांच्या मागून येतात.
गुत्र्यात गुंडाळलेला हात. गोणपाटात गुंडाळलेला.
एकदा बिर्याणीच्या डब्यात बर्फ घालून
एक तर्जनी, नीट,
जणू कुणाला पोचती करायची होती.
खेडचे खलील परकार, सितऱ्याच्या कारखान्यात
चाळीस वर्षं सुतारकी, म्हणाले,
"बाय, हातमोजा घातला होता गो.
पात्यानं मोजा सोडला नाही
नि मोज्यानं मला."
मग भिंतीकडे बघत,
"त्याचा काय माझ्यावर राग नव्हता.
ते आपलं फिरत होतं."

आणि सगळेच सांगतात,
शेवटचाच काप होता, सिस्टर.

म्हणून शुक्रवारी जेवणं झाली की
मी शेडच्या दारात स्टूल टाकून बसते.
बाह्या कोपराच्या वर.
हातमोजे नाहीत.
पातं लाकडाच्या वर
तांदळाच्या दाण्याएवढंच.
पात्याच्या रेषेत उभा राहू नकोस, बाजूला हो.
मागच्या पत्र्याला एक पोच आहे, पहिल्या महिन्यातली;
तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.
अंगठी काढ म्हटलं तर निघेना.
साबण लावून मीच ओढली.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा
तिच्याखालची कातडी पाहिली,
पांढरी, ओलसर, कुणा लहान मुलाची.

जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवले ह्या माणसानं.
आता त्याला एक पाट करायचा आहे.
बसायचा, साधा, दोन आडव्या पट्ट्यांवरचा.
पात्यावरचं झाकण त्यानं खिळ्याला टांगलं.
"आड येतं," म्हणाला.
मी म्हटलं, त्यासाठीच असतं.
तो आठवडा आम्ही मिठाशिवाय काही मागितलं नाही एकमेकांकडे.
पुढच्या शुक्रवारी झाकण जागेवर होतं.

तरीही.
यंत्र बंद केलं त्यानं.
आवाज आधी मरतो, पातं नंतर.
त्या मधल्या चार-पाच सेकंदांत
बोटभर चिळपी पात्याशी अडकलेली दिसली त्याला
आणि हात निघाला.
नुसता निघाला, ताटातली फोड उचलायला निघावा तसा.
माझ्या घशात त्याचं नाव आलं.
ओरडायचं नाही, दचकतो माणूस,
हा नियम माझाच.
मी स्टूलची कड धरून बसले.

हात थांबला.
का, ते त्यालाही सांगता आलं नाही.
त्यानं काठी घेतली, चिळपी ढकलली,
टक् असा आवाज आला
आणि पातं थांबलं.

पाट झाला. डुगडुगतो.
एका पट्टीखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे.
मोरेश्वर त्याच्यावर बसून चहा प्याला
आणि काठी बल्बखाली धरून
बराच वेळ बघत राहिला.

साडेसातला मी निघाले.
यंत्राच्या स्विचची पिवळी चावी
युनिफॉर्मच्या खिशात, थर्मामीटरशेजारी.
तो विचारत नाही, मी सांगत नाही.
पुलावर वारं होतं, सगळे दिवे धुळीतले.

पहाटे तीनला एक हात आला.
मागून एक पोरगा, विशीतला, ओठ पांढरे.
"सिस्टर, शेवटचाच..."
"हो," मी म्हटलं. "माहीत आहे. वर धर."