जवारीचा दोरा

संगीत विभागाच्या कागदावर माझा हुद्दा: वाद्यभांडार साहाय्यक.
म्हणजे खुर्च्या. म्हणजे पियानोवरची चादर, माइकच्या वायरी,
पाहुण्यांसाठी पाणी (थंड नको, कोमट).
मस्कतमध्ये बावीस वर्षं, त्यातली नऊ या सभागृहात,
ज्याच्या भिंती सगळं ऐकून घेतात
आणि काहीच परत करत नाहीत.

या बुधवारी गोव्याच्या यामिनीताई खांडेपारकर.
त्या आल्या, सामान दोह्यालाच राहिलं:
तंबोरा, साडी, घशाच्या गोळ्या, सगळं.
डॉक्टर रीमा म्हणाल्या, दस्तगीर, भांडारात बघ.
नग क्रमांक एकशे चौदा. खोळीत.
माझ्या नऊ वर्षांत कुणी मागितला नव्हता.

भोपळ्यावर हात ठेवला आणि कळलं,
मिरजेचा.
आमच्याच गल्लीतला, पण कुणाच्या हातचा ते सांगता येईना.
आतली चिठ्ठी सुटून भोपळ्यात पडलेली,
हलवला की वाळक्या पानासारखी कुजबुजायची.

खुंट्या सैल. खडू घासला.
बाहेर पारा बेचाळीसवर, हवा ओल्या फडक्यासारखी;
आत वीस, आणि एसीचा अखंड एकच सूर,
षड्जाच्या जरासा खाली, जन्माचा बेसूर.
ताई म्हणाल्या, हा बंद होईल?
म्हटलं, अर्ज करावा लागतो, तीन दिवस आधी.
त्या हसल्या.
मग म्हणाल्या, चला, आज सा त्याच्याकडूनच घेऊ.

चारही तारा लागल्या, पण तंबोरा बोलेना.
टण्ण. टण्ण. भांड्यावर भांडं.
घोडीवर तारेखाली दोरा हवा होता
आणि माझ्या खणात काय, तर नायलॉन, काळी टेप
आणि कुणाची तरी बुटाची नाडी.

दारात अझ्झान, तिसऱ्या वर्षाचा, ऊद वाजवतो,
खुर्ची त्याला कायम जराशी तिरकी लागते.
अम्मी, काय शोधतोयस?
(अम्मी म्हणजे त्यांच्यात काका.
पहिल्यांदा हाक ऐकली तेव्हा मी मागं वळून बघितलं होतं.)
म्हटलं, दोरा. सुती. केसापेक्षा जाड नको.
त्यानं गळ्यापाशी हात नेला.
दिशदाशाच्या गळ्यातून लोंबतो तो गोंडा, फुराखा,
आईच्या हातचा, सकाळी अत्तरात बुडवलेला,
त्यातला एक धागा त्यानं दातानं तोडून दिला.

अब्बा कानशीनं घोडी घासताना बोलत नसत.
मी बोललो की नुसती कानशी वर धरत.
मी दुकान सोडलं, ड्रायव्हिंग शिकलो, समुद्र ओलांडला.
बोटं मात्र न विचारता काहीबाही शिकून बसलेली.
धागा तारेखाली सरकवला. मागं.
थोडा पुढं. मुगाच्या डाळीएवढा.
परत मागं, त्याच्या निम्मा.

तार उघडली.

ताईंनी डोळे मिटले नाहीत, वाहवा केली नाही.
फक्त हातातला कप खाली ठेवला.

कार्यक्रमाला एकतीस माणसं.
डीनसाहेबांची खुर्ची त्यांच्या नावाच्या पाटीसकट रिकामी.
मी मागं, दिव्यांच्या बटणांपाशी.
ताईंनी श्री घेतला, असं डॉक्टर रीमांनी सांगितलं.
मला गाण्यातलं कळत नाही,
मी तो दोरा ऐकत होतो.
मध्येच अजान झाली. ताई थांबल्या, तंबोराही.
एसी तेवढा गात राहिला.

रात्री तंबोरा खोळीत घालताना
लाकडाला लोबानाचा वास होता.
दोरा काढला नाही.
रजिस्टरात 'दुरुस्ती' असा रकाना आहे.
लिहिलं: काही नाही.
खोडलं.
लिहिलं: दोरा, एक.

पुढच्या बुधवारी हंगेरीहून चौघं यायचेत.
बिनहाताच्या खुर्च्या, चार.