ऐनवेळचे विषय

सभेचं इतिवृत्त मी लिहिते, एकोणीस वर्षं झाली.
कोण खोकलं, कोण मध्येच उठून गेलं,
ते लिहायचं नसतं.
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. बस.

त्या दिवशी अजेंड्यावर तेरा विषय.
गटाराची जाळी, मासळीबाजारातला गाळा,
स्मशानाकडच्या खांबावरचा दिवा (चौथ्यांदा).
चौदावा विषय दाराशी उभा होता,
चपला बाहेर काढून,
देवळात काढतात तशा.

पबित्रा विश्वकर्मा. गाव अछाम जिल्ह्यात, नेपाळ.
तिथून समुद्र कुठल्या दिशेला
तेसुद्धा माहीत नव्हतं, असं नंतर म्हणाली.
नवरा पोकळ्यांच्या कलमांत राखणीला.
दिवसा वानर हाकतो, रात्री बॅटरी मारत फिरतो.
शिवेवर जो दिसत नाही त्याला आपण राखणदार म्हणतो,
वर्षाला नारळ देतो, कोंबडा देतो.
हा दिसतो.
ह्याला गुरखा म्हणतो, मे संपला की जा म्हणतो.

पोरगी मांगरात जन्मली, सुईणीशिवाय.
फॉर्म मीच परत केला होता, दोनदा.
रकाना सहा : राहण्याचा पत्ता.
मांगराला नंबर नाही.
नंबर नाही तर पत्ता नाही,
पत्ता नाही तर नोंद नाही,
आणि पोरगी तर तिच्या खांद्यावर
माझ्या टेबलावरचा शिक्का बघत होती.

त्या रात्री भाकरी थापताना बशीरचं आठवलं.
दोह्यात पहिल्या वर्षी त्याचं पोट दुखलं,
दवाखान्यात कुणी नर्स, केरळची,
मोडक्या हिंदीत म्हणाली, किधर दुखता?
हे एवढंच त्यानं फोनवर तीनदा सांगितलं.
दुखणं काय निघालं, ते सांगायचं विसरला.

म्हणून मीच तिला बोलावलं होतं सभेला.
हे इतिवृत्तात नाही.

एक म्हणाले, घरपट्टी कोण भरणार?
एक म्हणाले, आज आहेत, उद्या नाहीत.
कोणीतरी म्हणालं, आधी आपली माणसं बघा,
आणि बाहेर चहाचे ग्लास वाजले.

तेव्हा शांबा सारंग उठले.
तीन ट्रॉलर, गुडघे गेलेले, कधी न बोलणारे.
म्हणाले, माझ्या बोटीवर आठ खलाशी, सहा तिकडचे.
जाळं त्यांनी ओढायचं,
आणि जेटीवरच्या संडासाला आठ वाजता कुलूप आपण लावायचं.
मग काय झालं कोण जाणे,
हात जोडले आणि गाऱ्हाणंच घातलं :

बा देवा म्हाराजा,
आमच्या शिवेत जो कोण भायलो इलो आसा
तेच्या मांगराक नंबर मिळांदे,
तेच्या चेडवाचा नाव वहीत लागांदे,
संडासाचा कुलूप रातचा उघडा रवांदे,
आणि ह्या सभेक जरा अक्कल...

व्हय म्हाराजा! शिपाई मागून ओरडला,
सवयीनं.
सगळे हसले. नगराध्यक्षही.
हसता हसता हात वर गेले, ते खाली येण्याआधी मी मोजले.
सूचक : श्री. सारंग. अनुमोदक विचारावा लागला नाही.
हसणं लिहायचं नसतं.

नेपाळी बोलणारं माणूस आठवड्यातून एक दिवस
दवाखान्यात बसवायचं, ते राहिलं. पुढील सभेत.
खलाशांच्या रेशनचं राहिलं. तहसीलदारांना पत्र.
घरपट्टी पोकळे भरतात, कुरकुरत, वर्षाला एकशे बारा.

पाटी लागली : ४१८/अ.
पबित्रानं ती आतल्या भिंतीला ठोकली.
बाहेर वानरं उपटतात, म्हणाली.

जूनमध्ये ती तिघं गेली, बोचकी घेऊन, पहाटेच्या एसटीनं.
मी यादी उघडून पाहिली.
४१८/अ जागेवर होता.

स्मशानाकडचा दिवा अजून लागलेला नाही.